फक्कीची रेषा

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने शर्यतींवर कायदा केलेला आहे. बैलांच्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले शंकरपट थांबले. २०१७ साली विधिमंडळाने प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. तिच्यावरही खटला चालला आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. आता पटावर पुन्हा जोड्या सुटतात.

माणसांच्या लेकरांनी कोणत्या रांगेत धावायचं, याबद्दल मात्र विधिमंडळ गप्प आहे. जन्माच्या दाखल्यावर मुलगा, पण स्वतःच्या मनात मुलगी असलेलं लेकरू शाळेच्या मुलींच्या शर्यतीत धावू शकतं का? या एका प्रश्नावर अमेरिकेतल्या पंचवीसहून अधिक राज्यांनी कायदे केले, राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला, भांडण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. आपल्याकडे शाळेच्या खेळाबद्दल मिळून एक वाक्य आहे. ते संसदेने लिहिलंय, भाषा चांगली आहे, आणि ते दहा वेळा वाचलं तरी साकोली तालुक्यातल्या पीटीच्या सरांना उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही.

म्हणून वॉशिंग्टनला जाण्याआधी सानगडीला थांबू. भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यात हे गाव. जवळ सहानगडाचा जुना किल्ला, भोवती धानाच्या बांध्या. या भागात पावसाळ्यात रोवणी असते आणि त्याच सुमारास शालेय क्रीडा स्पर्धांची धांदल सुरू होते. घरी पऱ्हे उपटायला हात हवे असतात आणि शाळेत खो-खोच्या संघाला खेळाडू. मैदानावर फक्की टाकून रेषा आखल्या जातात. रात्री पाऊस पडतो, रेषा वाहून जातात, सकाळी पुन्हा आखतात. संघ जिंकला तर सानगडीहून साकोलीला, तिथून भंडाऱ्याला, मग विभागासाठी नागपूरला आणि त्यापुढे राज्यस्तरावर. वयाचे गट तीन: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. आणि प्रत्येक वयोगटाचे दोन भाग, मुलं आणि मुली.

समजा, नववीतलं एक लेकरू सरांजवळ येऊन म्हणालं, सर, माझं नाव मुलींच्या यादीत टाका.

सर काय बघणार? रजिस्टर. आपल्या शालेय खेळात कोण मुलगा आणि कोण मुलगी हे कोणताही डॉक्टर ठरवत नाही. ते दाखल-खारीज रजिस्टरात लिहिलेलं असतं आणि ते पहिलीत नाव घालताना आईबापाने सांगितलेलं असतं. त्याच रजिस्टरातल्या जन्मतारखेवरून दरवर्षी भांडणं होतात. वय लपवून खालच्या गटात खेळवणं हा आपल्या शालेय क्रीडेतला जुना रोग आहे, आणि आक्षेप घेणारे हरलेल्या संघाचे सर ही ओळखीची व्यक्तिरेखा आहे. तो ‘आक्षेप’ ध्यानात ठेवा. पुढे अमेरिकेत तो आपल्याला कायद्याच्या वेषात भेटणार आहे.

आता ते एक वाक्य. पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा ५ ऑगस्ट २०१९ रोजी लोकसभेत आणि २६ नोव्हेंबरला राज्यसभेत मंजूर झाला. १० जानेवारी २०२० पासून तो लागू आहे. त्याचं तेरावं कलम असं सांगतं, की सरकारी अनुदानावर चालणाऱ्या किंवा सरकारमान्य प्रत्येक शिक्षणसंस्थेने पारलिंगी व्यक्तींना भेदभाव न करता, इतरांच्या बरोबरीने, शिक्षणाची आणि खेळाची संधी द्यावी. सानगडीची शाळा यात आली. पण ‘खेळाची संधी’ म्हणजे मुलींच्या संघात, मुलांच्या संघात की तिसऱ्याच कुठल्या, हे कलम सांगत नाही. शिवाय ते बोलतं शाळेशी. शाळा संघ निवडते खरी, पण स्पर्धा भरवतं क्रीडा खातं, आणि राज्याबाहेरच्या स्पर्धेचे नियम करतात खेळांचे महासंघ.

याच कायद्याने ओळखपत्राची सोय केली. २०१४ च्या नालसा निकालात न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी स्वतःचं लिंग स्वतः ओळखण्याचा हक्क मान्य केला होता, त्याच पायावर २०१९ चा कायदा उभा राहिला. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. अठराच्या आतल्या मुलाचा अर्ज आईबापाने करायचा. गंमत अशी, की या पहिल्या प्रमाणपत्रावर ‘स्त्री’ लिहून मिळत नाही, ‘पारलिंगी’ लिहून मिळतं. ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ लिहून हवं असेल तर शस्त्रक्रियेनंतर दुसरा अर्ज. म्हणजे आपल्या नववीतल्या लेकराच्या बापाने हिंमत केली, भंडाऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घातले आणि कागद मिळवला, तरी तो कागद घेऊन ते ज्या मैदानावर येईल तिथे दोनच रांगा आहेत आणि कागदावर तिसराच शब्द आहे.

शब्दाचाही घोळ आहेच. सरकारी मराठीत ‘तृतीयपंथी’ म्हणतात, अलीकडे ‘पारलिंगी’ रुळतोय. कायद्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवानी यांच्याबरोबर आपला ‘जोगता’ही बसवलाय. आणि त्याच व्याख्येत आणखी एक गट आहे, ज्याच्याशी या बाकीच्यांचा काही संबंध असेलच असं नाही: जन्मतःच शरीराची लिंगरचना ठरावीक साच्यात न बसणारी माणसं, ज्यांना आंतरलिंगी म्हणतात. कायद्याच्या सोयीसाठी हे सगळे एका गाठोड्यात बांधले. खेळाच्या मैदानावर मात्र ही गाठ सोडावीच लागते. भारतात आजवर ‘तू बाई नाहीस’ असं सांगून ज्यांना मैदानाबाहेर काढलं त्या ठळक नावांमध्ये पारलिंगी कोणी नव्हतं. त्या मुलगी म्हणून जन्मलेल्या, मुलगी म्हणून वाढलेल्या, आणि बहुतेक गरीब घरच्या पोरी होत्या.

त्यातलं महाराष्ट्रातलं प्रकरण मैदानावरचं आहे, पण खेळाचं नाही. २०१८ साली नाशिक ग्रामीण पोलीस दलाच्या भरतीत अनुसूचित जातीच्या प्रवर्गातून एक तरुण मुलगी उतरली. पोलीस भरती म्हणजे काय हे झाडीपट्टीत सांगायला नको. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी पोरंपोरी इथल्या कोणत्याही गावात दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. उंचीही वेगळी, पुरुषाला १६५ सेंटिमीटर, बाईला १५५. ही मुलगी लेखी आणि मैदानी दोन्ही परीक्षा पार करून निवडीपर्यंत पोचली. मग वैद्यकीय तपासणीत कळलं, की तिच्या पोटात गर्भाशय नाही. गुणसूत्रं तपासली, ती निघाली एक्स-वाय, म्हणजे सामान्यतः पुरुषात असतात तशी. तोवर तिलाही हे ठाऊक नव्हतं. नोकरी थांबली.

ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०२२ च्या मे महिन्यात न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती माधव जामदार यांच्या पीठापुढे राज्याच्या महाधिवक्त्यांनी सांगितलं, की सरकार सहानुभूतीने विचार करील, आणि न्यायालयाने तिला शिपाईपद वगळून पोलीस दलातलं दुसरं काम देण्याची वाट मोकळी केली. निकाल माणुसकीचा आहे, त्याबद्दल दुमत नसावं. पण त्यात एक काटा राहिलाच. ज्या पदासाठी ती पळाली होती ते पद काही मिळालं नाही.

गर्भाशय नसलेली, एक्स-वाय गुणसूत्रांची बाई ही कल्पना पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. तिच्यामागची शरीरक्रिया समजून घेण्यासारखी आहे. गर्भ पोटात असताना वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय नावाचं जनुक वृषण तयार करण्याची सुरुवात करून देतं. वृषण टेस्टोस्टेरॉन सोडतं. शरीरातल्या पेशी त्या संप्रेरकाचा निरोप घेतात आणि मुलाचं शरीर घडतं. या साखळीत कुठेही खंड पडू शकतो. काहींच्या पेशींना तो निरोप ऐकूच येत नाही. टेस्टोस्टेरॉन रक्तात भरपूर, पण पेशी बहिऱ्या. असं शरीर बाहेरून पूर्णपणे बाईचं घडतं. इतरांत खंड दुसरीकडे पडतो आणि परिणाम वेगळा होतो. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो १९८५ साली जपानमधल्या कोबे इथे जागतिक विद्यापीठ स्पर्धेला गेली, तिथे गुणसूत्र चाचणीत नापास ठरली आणि पुढे सगळं गमावून बसली. तिच्या पेशी पहिल्या प्रकारच्या होत्या, म्हणजे त्या टेस्टोस्टेरॉनचा तिला काडीचा उपयोग नव्हता. हे पटवून द्यायला तिला तीन वर्षं लागली.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ महिला खेळाडूंची अशी चाचणी झाली. आठ जणींत वाय गुणसूत्राची खूण सापडली. आठही जणींना खेळू दिलं. बाईच्या वेषात शिरलेला पुरुष एकही सापडला नाही, आणि १९९९ साली ऑलिंपिक समितीने ही सरसकट चाचणी बंद केली. पण गोष्ट तिथे संपत नाही: १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने आंतरराष्ट्रीय स्पर्धांतल्या महिलांसाठी त्याच एसआरवाय जनुकाची चाचणी पुन्हा सक्तीची केली. आयुष्यात एकदाच, गालाच्या आतून घेतलेला नमुना. शास्त्र पुढे गेलं आणि चाचणी फिरून जुन्या घरी आली, असं म्हणायचा मोह होतो. संघटनेचं म्हणणं असं, की आता निव्वळ गुणसूत्रावर निकाल लागत नाही, चाचणीत खूण सापडली तर पुढे वैद्यकीय तपास होतो आणि ज्यांच्या पेशी पूर्ण बहिऱ्या आहेत त्यांना मुभा आहे.

दरम्यान आपल्या दोघी होरपळल्या. तमिळनाडूतल्या वीटभट्टीवर राबणाऱ्या मजुरांची मुलगी शांती सौंदराजन २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये दुसरी आली. लिंगचाचणीनंतर पदक काढून घेतलं, आणि बातमी साऱ्या जगाला एकदम कळली. ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातल्या विणकराची मुलगी द्युती चंद हिला २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळलं, कारण शरीरात नैसर्गिकपणे बनणारं टेस्टोस्टेरॉन ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होतं. औषध घे किंवा शस्त्रक्रिया कर, मग धाव. द्युतीने ते नाकारलं. ती लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेली आणि २०१५ च्या जुलैमध्ये लवादाने तो नियमच दोन वर्षांसाठी स्थगित केला. या नैसर्गिक संप्रेरकाचा नेमका किती फायदा होतो ते आधी दाखवा, असं संघटनेला सांगितलं. संघटनेने नवा नियम आणला तो ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यतींना, आणि द्युती धावायची १०० आणि २००. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने दोन्हींत रौप्य घेतलं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग रांगा वेगळ्या ठेवायच्याच कशाला? सोडा सगळ्यांना एकत्र. हे म्हणणाऱ्याने आकडे बघावेत. १०० मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंद, महिलांचा १०.४९. ८०० मीटरमध्ये १ मिनिट ४०.९१ सेकंदांसमोर १ मिनिट ५३.२८. उंच उडीत २.४५ मीटरसमोर २.१०. धावण्यात साधारण दहा-बारा टक्क्यांची दरी आहे आणि ती सरावाने बुजत नाही. पौगंडावस्थेत मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन बाईच्या तुलनेत कितीतरी पटींनी वाढतं: प्रौढ पुरुषात लिटरमागे साधारण ८ ते २९ नॅनोमोल, बाईत दोनच्याही खाली. हाडं लांब होतात, स्नायू भरतात, रक्तातलं हिमोग्लोबिन वाढतं. रांग वेगळी नसती तर साताऱ्याच्या माणदेशातून रिओच्या स्टीपलचेस अंतिम फेरीपर्यंत गेलेल्या ललिता बाबरचं नाव आपल्याला ठाऊकच झालं नसतं. महिलांचा गट हा सौजन्य म्हणून दिलेला नाही. तो नसेल तर बायकांना खेळात अंतिम फेरीच नाही.

मग पौगंडावस्थेतून पुरुष म्हणून गेलेल्या आणि पुढे संप्रेरकं घेऊन बाई झालेल्या खेळाडूचं काय? हिमोग्लोबिन काही महिन्यांत बाईच्या पातळीवर येतं, हे पक्कं. स्नायूंची ताकद पहिल्या वर्षात थोडीच उतरते. अमेरिकी हवाई दलातल्या पारलिंगी कर्मचाऱ्यांच्या नोंदींचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की दोन वर्षांनी दंड आणि सिट-अप यांतला फरक मिटला, पण धावण्यात त्या इतर बायकांपेक्षा १२ टक्के वेगवानच राहिल्या. हाडांची लांबी तर कुठल्याच गोळीने कमी होत नाही. या विषयावर थेट खेळाडूंवर झालेले अभ्यास अजून थोडे आहेत, दोन्ही बाजूंचे वकील हे थोडेच अभ्यास आळीपाळीने फेकून मारतात. पण फायदा काहीच उरत नाही असं छातीठोक सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

तितकाच विश्वास मला दुसऱ्या टोकावरही बसत नाही. पौगंडावस्थेआधी ही दरी जवळपास नसतेच. दहा वर्षांच्या मुलामुलींना एकत्र पळवा, सानगडीत काय आणि शिकागोत काय, पहिली येणारी मुलगीही असू शकते. तरी कायदे करताना हा भेद टिकत नाही. बघा अमेरिकेत काय झालं ते.

तिथे मुलींच्या शालेय खेळाला बळ मिळालं ते १९७२ च्या टायटल नाइन या कायद्याने. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत लिंगभेद चालणार नाही, असं त्याने ठरवलं. पन्नास वर्षांनी दोन्ही पक्ष याच कायद्याची शपथ घेऊन भांडू लागले. कनेक्टिकट राज्यात मुलींच्या धावण्याच्या राज्य स्पर्धांत दोन पारलिंगी मुलींनी मिळून पंधरा विजेतेपदं घेतल्याचं सांगत हरलेल्या मुली २०२० साली न्यायालयात गेल्या. त्यांचं दुःख खोटं म्हणता येत नाही. अंतिम फेरीतली एकेक जागा म्हणजे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीचं दार असतं. त्याच वर्षी मार्चमध्ये आयडाहो राज्याने देशातला पहिला बंदी कायदा केला. त्यात अशी तरतूद होती, की एखाद्या मुलीच्या मुलगीपणाबद्दल वाद निर्माण झाला तर डॉक्टरकडून शरीररचना, संप्रेरकं किंवा जनुकं तपासून खात्री करायची. वाद कोणी निर्माण करायचा, याला काही धरबंध नव्हता.

दोन वर्षांनी युटाची पाळी आली. तिथले राज्यपाल स्पेन्सर कॉक्स रिपब्लिकन पक्षाचे, म्हणजे बंदीवाल्यांच्याच घरातले. त्यांनी विधेयकावर सही करायला नकार दिला आणि पत्रात आकडे मांडले: राज्यात शालेय खेळ खेळणारी मुलं ७५,०००, त्यांत पारलिंगी चार, त्या चारांत मुलींच्या खेळात असलेली एक. एका मुलीसाठी कायदा. विधिमंडळाने त्यांचा नकार खोडून काढला आणि कायदा केलाच. त्याच वर्षी युटात एक प्रकार उघडकीस आला. स्पर्धेत दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या मुलींच्या पालकांनी पहिल्या आलेल्या मुलीवर शंका घेतली. राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने तिच्या घरी न कळवता तिची शाळेची कागदपत्रं बालवाडीपर्यंत तपासली. ती जन्मापासून मुलगीच निघाली. तिचा गुन्हा एवढाच, की ती जोरात जिंकली होती.

आपले आक्षेपवाले सर आठवले का? त्यांच्या हातात असा कायदा दिला, तर उंच, आखूड केसांची, सावळी, दणकट पोरगी जिंकली रे जिंकली की आक्षेप. आणि झाडीपट्टीत रोवणीच्या चिखलात राबलेल्या पोरी दणकटच असतात. जिल्हा स्पर्धेत अशा पोरीला ‘तपासणीला चला’ म्हटलं, तर ती नागपूरला खेळायला जाणार नाही. तिचा बाप तिला शाळेतूनच काढील. नाशिकच्या मुलीकडे निदान उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची हिंमत होती.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी महिलांच्या खेळात पारलिंगी मुलींना घेणाऱ्या शाळांचा केंद्रीय पैसा रोखण्याचा आदेश काढला. त्याच्या दोनच महिने आधी अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या अध्यक्षांनी सिनेटपुढे सांगितलं होतं, की आपल्याकडच्या ५,१०,००० खेळाडूंत पारलिंगी दहाहून कमी माहीत आहेत. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयडाहो आणि वेस्ट व्हर्जिनियाची प्रकरणं सुनावणीला घ्यायचं ठरवलं. हा प्रश्न मोठा आहे तो माणसांच्या संख्येने नव्हे.

मराठी घरात तो आला क्रिकेटच्या वाटेने. बीडमध्ये जन्मलेले, रेल्वेकडून खेळून भारतीय संघात आलेले आणि पुढे संघाचे फलंदाजी प्रशिक्षक झालेले संजय बांगर यांची मुलगी अनाया. मुंबईच्या मैदानांवर आणि मग इंग्लंडच्या क्लबमध्ये क्रिकेट खेळून मोठी झाल्यावर तिने संप्रेरक उपचार घेतले आणि स्वतःबद्दल जाहीरपणे बोलली. तोवर दार लागत आलं होतं. कॅनडाकडून सप्टेंबर २०२३ मध्ये डॅनियल मॅकगाही महिलांचा आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना खेळणारी पहिली पारलिंगी खेळाडू ठरली, आणि पुऱ्या तीन महिन्यांच्या आत आयसीसीने पुरुष पौगंडावस्थेतून गेलेल्या कोणालाही महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतून बाद केलं, शस्त्रक्रिया झाली असो वा नसो. इंग्लंडच्या मंडळाने आधी फक्त वरच्या स्तरापुरती बंदी घातली होती. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने समानता कायद्यातली ‘स्त्री’ म्हणजे जैविक स्त्री असा अर्थ लावला आणि मे महिन्यात मंडळाने क्लबपर्यंत आणि मुलींच्या क्रिकेटपर्यंत बंदी खाली आणली. अनायाने आपल्या शरीराच्या चाचण्या मँचेस्टरच्या विद्यापीठात करून घेतल्या आणि त्यांचा अहवाल हातात घेऊन क्रिकेटच्या सत्ताधाऱ्यांना विचार करायला सांगितलं. एका शरीराच्या चाचण्यांनी साऱ्या गटाचा नियम ठरत नाही, हे खरं. पण खेळायची इच्छा असलेल्या माणसाने आणखी करायचं तरी काय?

आयसीसीचा नियम आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी आहे. देशांतर्गत क्रिकेटचं ज्याने त्याने बघावं, असं त्यात होतं. इंग्लंडमध्ये मात्र विश्वचषकाच्या मापाची चाळणी रविवारच्या क्लब सामन्याला लागली. माझी तक्रार आहे ती इथे. ऑलिंपिक अंतिम फेरीत दहा टक्के म्हणजे सगळं काही. साकोलीच्या तालुका खो-खोत संघ पुरा करायला नववी मुलगी मिळत नाही, ही अडचण असते.

आपल्याकडे या बाबतीत जे थोडं घडलं ते न्यायालयांनी ढकलून घडवलं. २०२२ साली केरळमध्ये अनामिका या पारलिंगी मुलीला कोळिकोड जिल्ह्याच्या ज्युदो स्पर्धेत नाव देता येईना, कारण तिच्यासाठी गट नव्हता. उच्च न्यायालयाने म्हटलं, वेगळी सोय करा. केली नसेल तर तिला हव्या त्या, म्हणजे महिलांच्या गटात उतरू द्या. त्याच वर्षी महाराष्ट्रात आर्या पुजारीने पोलीस भरतीचा अर्ज भरायला घेतला आणि संगणकावर दोनच पर्याय दिसले. ती महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेली. अध्यक्ष मृदुला भाटकर यांनी तिसरा पर्याय द्या असा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. सरकारची अडचण अशी, की शारीरिक चाचणीचे निकषच ठरलेले नाहीत: किती उंची, किती मीटर, केवढा गोळा? डिसेंबरमध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या पीठाने खडसावल्यावर सरकारने अर्जात तिसरा रकाना दिला आणि २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत नियम करण्याचं कबूल केलं. आठशे की सोळाशे, हा साधा प्रश्न नालसा निकालानंतर साडेआठ वर्षं कोणी सोडवायला घेतला नव्हता.

शाळेपुरतं असं काही झालेलं नाही. एनसीईआरटीने नोव्हेंबर २०२१ मध्ये पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी पुस्तिका काढली होती. गदारोळ झाला आणि ती संकेतस्थळावरून खाली उतरली. तसं न्यायालयात जाण्याइतपत एखादं लेकरू शाळेत टिकलं पाहिजे ना. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ रकान्यात देशभर सुमारे ४ लाख ८८ हजार माणसं मोजली गेली, त्यांतली जवळपास ४१ हजार महाराष्ट्रात. साक्षरता ५६ टक्के, देशाची ७४. मधले अठरा टक्के कुठे गळतात, हे शाळेच्या मागच्या भिंतीपाशी ‘बायल्या’ ही हाक ऐकलेल्या कोणालाही ठाऊक आहे. याच मुलखात खडीगंमतीचा नाच्या लुगडं नेसून फडावर आला की गाव रात्रभर बसतं. फडावर चालतं, सकाळी मैदानावर तीच चाल चालत नाही.

सरांचा प्रश्न अजून तिथेच आहे, आणि सरांच्या जिवाला दुसराही घोर आहे. शालेय खेळ आता नुसते खेळ राहिले नाहीत. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. राज्यस्तरावरची मुलींच्या गटातली एक जागा म्हणजे एखाद्या शेतमजुराच्या मुलीची पुढची नोकरी असू शकते. ती जागा गेली तर तिला समजूत घालून भागणार नाही. म्हणून वरच्या स्तरावर नियम हवाच. तो लिहिलेला हवा, हंगामाआधी सगळ्यांना कळलेला हवा, आणि शंका घेण्याचा अधिकार हरलेल्यांच्या हाती देणारा नको. चौदाच्या आत आणि तालुक्यापर्यंत मात्र मला कुठलीच चाळणी लावावीशी वाटत नाही. वयोगट चौदाचा असला तरी तेराव्या वर्षी काही मुलांना मिसरूड फुटतं हे मला माहीत आहे. तरी तालुक्यापर्यंत खेळू द्यावं, असंच माझं मत आहे. यावर माझ्याशी भांडणारी पीटीची मंडळी आहेत, आणि ती मुलींच्या बाजूनेच भांडतात.

शाळांची माहिती दरवर्षी ज्या यू-डायस प्रणालीत भरतात तिच्यात मुलगा, मुलगी यांच्यापुढे तिसरा रकाना आहे. मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या संगणकात तो रोज दिसतो. स्पर्धेची प्रवेशिका त्याच टेबलावर भरली जाते, त्याच शाळेचा शिक्का मारून साकोलीला जाते. तिच्यात आधी मुलांची यादी असते, मग मुलींची, आणि खाली मुख्याध्यापकांची सही.